ट्रंकेत ठेवलेला बिल्ला

तुमच्या घरातलं कोणी क्ष-किरणांच्या खोलीत कामाला जात असेल, तर त्याने छातीवर लावायचा बिल्ला या घडीला कुठे आहे, हे तुम्ही सांगू शकाल का?

मला सांगता आलं नसतं. माझी मोठी बहीण दोन वर्षं तो बिल्ला घरी आणून ठेवत होती. त्याच दोन वर्षांत मी दारव्ह्याच्या बाजारात उभा राहून अणुचाचण्यांविरुद्ध पत्रकं वाटत होतो. माझ्या पत्रकात अमेरिका होती, रशिया होती, समुद्रातली बेटं होती. माझ्याच ओसरीवर चप्पल काढून आत येणारी बहीण त्यात नव्हती.

लहानपणी आमच्या घरात पुस्तक असं नव्हतं. मामा यवतमाळला एका छापखान्यात खिळे जुळवायचा. शाई फाकलेली, तिरपी छापली गेलेली पत्रकं तो आमच्याकडे आणून टाकायचा. देवी टोचून घ्या, सावकाराला अंगठा देऊ नका, अमक्या पेटीत मत टाका. मी त्यांवरच वाचायला शिकलो. छापलेल्या कागदावर माझा फार विश्वास आहे, आणि तो वाचून गप्प बसणाऱ्या माणसाचा मला राग येतो. पुढे जे घडलं त्यात हा राग मला स्वतःवरच काढावा लागला.

बाजारात एका म्हाताऱ्या कास्तकाराने माझं पत्रक उलटसुलट पाहून विचारलं होतं, "बाबू, हे बाँब फुटून राह्यले कुठी?"

"दूर समुद्रात, काका. पण त्याची राख वाऱ्यावर येते. डोळ्याले दिसत नाई, पण हाडात जाऊन बसते. पोटातल्या लेकरालेही बाधते."

"दिसत नाई म्हन्तं, अन् तुले बरी दिसली!" म्हातारा म्हणाला, आणि पत्रकात तंबाखू बांधून चालता झाला.

साठ सालानंतरची ही गोष्ट आहे. आमचा तांडा दारव्ह्याच्या बाजूला. आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहायचे, आम्ही कापूस नि तूर पिकवतो. बहीण तांड्यातली सातवी झालेली पहिली मुलगी. तिचा नवरा राजूरच्या कोळसा खाणीत, आणि ती आमच्याकडेच राहायची, कारण आमच्यापासून दोन कोसांवरच्या एका धर्मादाय दवाखान्यात तिला मदतनिसाची नोकरी लागली होती. दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती, आणि जे तिथे झालं ते दुसरीकडेही होत असेल असा माझा संशय आहे.

त्या दवाखान्यात छातीचे फोटो काढण्याचं मशीन आलं होतं. नेरच्या बाजूचा एक माणूस ते चालवायचा. सगळे त्याला भाऊ म्हणत. मशीन आलं तेव्हा पहिली अडचण आमच्याच बायकांची झाली. लग्न झालेली आमची बाई कोपरापासून खांद्यापर्यंत बलिया घालते, हाडाच्या नाहीतर हस्तिदंताच्या. नवरा जिवंत आहे तोवर त्या उतरत नाहीत. दंड छातीला लागून असले की त्या बलियांची सावली फुप्फुसावर पडते आणि फोटो वाया जातो.

"व माय, काढ ते," भाऊ म्हणायचा. "नाईतं डॉक्टरले छातीऐवजी तुह्या बांगड्याच दिसतीन."

"मालक जिता हाये माहा," बाई म्हणायची. "काढू कायले? त्याच्याऐवजी तू मरतं काय?"

आणि खोकत खोकत ती बैलगाडीत जाऊन बसायची. कित्येक जणी अशा फोटोविना परत गेल्या. त्यातल्या काहींचा क्षय मग कोणाला कळलाच नाही.

उपाय माझ्या बहिणीने काढला. बाईला फळीसमोर उभं करायचं, आपल्या बोलीत तिची भीती घालवायची, आणि स्वतः बाजूला उभं राहून तिचे दोन्ही कोपर धरून दंड बाहेर, पुढे ओढून धरायचे. वीज कमी दाबाने यायची, त्यामुळे फोटोला वेळ लागायचा. "श्वास धर, याडी, सोडू नको," असं म्हणत ती मशीनचा खटका बंद होईपर्यंत त्या बाईला धरून उभी असायची. याडी म्हणजे आमच्या बोलीत आई. घाबरलेली लेकरंही तीच धरायची. तांड्यातांड्यांतून बायका येऊ लागल्या. "फोटोवाली बाई हाये ना?" एवढंच दारात विचारायच्या. आम्हाला तिचा अभिमान होता. मलाही होता.

खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकाला मुंबईहून एक बिल्ला यायचा. काडेपेटीएवढी चपटी डबी, आत कागदात बंद केलेला फिल्मचा तुकडा. अंगावर किरण जेवढे पडतील तेवढी ती फिल्म धुतल्यावर काळी निघते. महिनाअखेरी जुनी फिल्म मुंबईला जायची, नवी यायची, आणि मागाहून निकालाचा कागद. भाऊ तो शाळेच्या निकालासारखा मोठ्याने वाचायचा.

"मी, शून्य! बाई, शून्य! डॉक्टरसाहेब, शून्य! आपला दवाखाना पयला नंबर!"

एकदा तर त्याने चिवडा वाटला होता. बहिणीने पदरात बांधून आणलेला तो चिवडा मीही खाल्ला.

तिला दिवस गेले. पाचवा महिना लागला तेव्हा एका दुपारी आमच्या याडीने मला बहिणीची ट्रंक उघडून जुनं मऊ लुगडं काढायला सांगितलं; बाळाच्या गोधडीला हवं होतं. लुगड्याखाली धुतलेल्या हातरुमालात बांधलेलं काहीतरी हाताला लागलं. सोडून पाहिलं तर तो बिल्ला. बहीण त्या वेळी दवाखान्यात कामावर होती. ट्रंकेच्या तळाशी एक छापलेला कागद अंथरला होता. छापलेला कागद, म्हणजे मी वाचणारच. तो इंग्रजीत होता आणि मी मॅट्रिकला इंग्रजीतच आपटलो होतो. शब्दकोश घेऊन ओसरीवर बसलो. बिल्ल्याबरोबर आलेली ती सूचना होती. काम चालू असताना बिल्ला छातीवर लावावा, असं पहिल्याच ओळीत होतं. अंगावर किती किरण पडले हे त्यावरूनच कळतं, असं दुसऱ्या ओळीत.

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. अर्थ बदलेना.

बहीण आली तेव्हा बिल्ला माझ्या मांडीवर होता. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे ते वऱ्हाडीत लिहितो.

"बाई, हा ट्रंकेत काहून?"

"ठेव तो! हात नको लावू, काळा पडन!" तिने झडप घालून घेतला. "सरकारी वस्तू हाये. माह्या नावाचा नंबर हाये त्याच्यावर. तिथं खोलीत घालून फिरले तं खराब नाई होणार?"

"खराब व्हायलेच तं दिला हाये तो."

"वा! अन् काळा आला म्हंजे? शेरा मारतीन, बाईचं काम साफ नाई. भाऊनंच सांगतलं मले पयल्या दिवशी, फिल्म कोरी राह्यली पायजे. त्याचा कपाटात राह्यते. माहा मी घरी आणतो, कपाटात उंदरं हायेत."

दोन वर्षं. दर महिन्याला शून्य. ते शून्य आमच्या ट्रंकेचं होतं.

मी तिला समजावून सांगितलं. माझ्या पिशवीत माझंच पत्रक होतं. ते काढून दाखवावं असं वाटलं आणि हात थांबला. पोटातल्या लेकराला बाधतं, हे त्यात मीच ठळक टायपात लिहिलं होतं. पण तिने पिशवीकडे पाहिलंच. तिला वाचता येत होतं. तिने पत्रक ओढून घेतलं, वाचलं, घडी घातली.

"हे बाँबचं हाये," ती म्हणाली.

"हो."

"मशीनचं नाई."

ती पाटावर बसली आणि पोटावर हात ठेवून बराच वेळ चुलीकडे पाहत राहिली. चूल पेटलेली नव्हती.

"भिया," आमच्या बोलीत भावाला मारतात ती हाक मारून ती शेवटी म्हणाली, "किती जणींना धरलं असन म्या?"

ते कोणी मोजलं नव्हतं. मोजण्यासाठी जी वस्तू होती ती मऊ लुगड्याखाली होती.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. ट्रंकेची गोष्ट सांगणार नाही अशी शपथ तिने माझ्याकडून घेतली होती. नोकरी जाईल याची तिला भीती होती, आणि भाऊची नोकरी जाईल याची त्याहून जास्त. भाऊ मला फाटकातच भेटला. तिने त्याला आधीच सांगितलं असावं.

"काहून बे," तो हळू आवाजात म्हणाला, "आमच्या पोटावर पाय द्यायले आला काय? तीन लेकरं हायेत मले."

"लेकरांसाठीच आलो."

"पत्रकातलं बोलू नको माह्यासंग. दोन वर्षांत मले काही झालं? हे पाह्य," आणि त्याने दंड फुगवून दाखवला.

डॉक्टर अंधाऱ्या खोलीतून नुकतेच बाहेर आले होते. अंधारात पडद्यावर छाती बघायची तर डोळे आधी सरावावे लागतात, म्हणून ते लाल काचांचा चश्मा घालून बसायचे. तोच चश्मा कपाळावर चढवून त्यांनी माझं ऐकून घेतलं. मी गरोदर बाईबद्दल बोललो, किरणांबद्दल बोललो.

"मुंबईचा निकाल दर महिन्याला शून्य येतो," ते शांतपणे म्हणाले. "तिथल्या शास्त्रज्ञांपेक्षा तुला जास्त कळतं का? मी स्वतः इथे येण्याआधीपासून, पंधरा वर्षं स्क्रीनिंग करतो आहे."

बोलताना त्यांनी हात टेबलावर ठेवले होते. बोटांची कातडी कोरडी, चकचकीत होती, आणि नखांवर उभ्या भेगा. मी पाहतो आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी हात मांडीवर घेतले. "साबणाने होतं ते," ते म्हणाले, मी काही विचारलेलं नसताना.

मला एकच वाक्य बोलायचं होतं, आणि शपथ घातलेली होती. बाजारात गळा फाडून ओरडणारा मी तिथून तोंड मिटून परत आलो.

घरी येऊन मी तिच्याशी भांडलो. नोकरी सोड म्हणालो.

"सोडतो. मंग तांड्यातल्या बाया कोण धरन? पुन्हा खोकत वापस जातीन. तू धरशीन?"

"मग बिल्ला लाव. एक महिनाभर लावून काम कर. फिल्म काळी निघाली की डॉक्टरले मानावंच लागन."

ती माझ्याकडे अशी पाहत राहिली की बोललेलं वाक्य मला स्वतःला ऐकू आलं.

"म्हंजे तुह्या खऱ्यासाठी मी अजून महिनाभर पोट घेऊन तिथं उभी राहू?"

मी त्या दिवशी जेवलो नाही. पुरावा पाहिजे, पुरावा पाहिजे, असं माझं डोकं म्हणत होतं. त्या पुराव्यासाठी मी कोणाला उभं करायला निघालो होतो, हे आठवलं की आजही माझी मान खाली जाते.

तोडगा याडीने काढला. कांचळीवर, म्हणजे आमच्या चोळीवर, आरसे टाचत ती इतका वेळ आमचं ऐकत होती. सुई तोंडात धरून म्हणाली, "माणूस कायले उभं करता? वावरात पाखरं उडवाले आपण माणूस उभं करतो काय? दांडा रोवतो."

"अन् बायांना धरन कोण?" बहिणीने विचारलं.

"मी. माह्या पोटात आता काय हाये, काल खाल्लेली भाकर."

आणि ती स्वतः भाऊकडे गेली. ती त्याला काय बोलली ते मला अर्धंच कळलं, कारण मला तिने फाटकाबाहेर उभं केलं होतं. "लेकरं तिन्ही मशीन यायच्या आधीची ना? नंतर काहून नाई झालं?" एवढं ऐकू आलं. थोड्या वेळाने कपाट उघडल्याचा आवाज आला.

पुढचा महिनाभर असं चाललं. सलाईन टांगायचा लोखंडी स्टँड बहीण जिथे उभी राहायची तिथे ठेवला आणि बहिणीच्या नावावर शेरा नको म्हणून पोटाच्या उंचीवर त्याला भाऊने आपला बिल्ला बांधला. शिशाचा अ‍ॅप्रन दवाखान्यात एकच होता. तो जड म्हणून घडी घालून कपाटाच्या तळाशी टाकलेला होता आणि घडीवर चिरलेला होता; चिरलेल्या जागी भाऊने गोणपाटाखाली शिशाची एक पट्टी शिवून घेतली. तो घालून याडी स्टँडच्या शेजारी उभी राहायची आणि बायकांचे दंड धरायची. बहीण बंद दाराबाहेरून ओरडायची, "श्वास धर, याडी!" आत दोघीही श्वास धरायच्या. याडी म्हणायची, "मले नाई धराचा ना?" आणि बाई हसली की फोटो पुन्हा काढावा लागायचा.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा भाऊने सांगितलं, बाईले उभं राहवत नाही, म्हणून आई येते. हे खोटं नव्हतं.

फिल्म मुंबईला गेली. निकाल यायचा होता तेवढे दिवस मी रोज पोस्टमनची वाट पाहिली, जणू पत्र मलाच येणार होतं. बहिणीचं पोट दिसू लागलं होतं. बाळ हललं की ती याडीचा हात तिथे नेऊन ठेवायची. हलायचं थांबलं की बोलायची थांबायची, आणि आम्हीही. मी पत्रकं लिहायला बसायचो आणि दोन ओळींवर अडायचो.

एका सकाळी भाऊ सायकलवर तांड्यात आला. "साहेबानं बलावलं. साऱ्यांले."

डॉक्टरांच्या टेबलावर कागद होता. भाऊच्या नावापुढे या वेळी शून्य नव्हतं. फिल्म काळी निघाली होती आणि एवढे किरण कसे लागले याचा खुलासा मुंबईने मागितला होता.

"बिल्ला खोलीत विसरला होतास का?" डॉक्टरांनी भाऊला विचारलं. त्यांच्या आवाजात अजून आशा होती.

भाऊने खाली पाहिलं. बोलली ती बहीण. "साहेब, बिल्ला भाऊचा हाये. जागा माही हाये. दोन वर्षं मी तिथं उभी राह्यतो. माहा बिल्ला घरी ट्रंकेत राह्यते."

शपथ तिनेच मोडली. मग भाऊने कपाटाचं सांगितलं. डॉक्टरांनी टेबलाचा खण ओढला, चिठ्ठ्यांच्या वह्या बाजूला केल्या आणि तळातून आपला स्वतःचा बिल्ला काढून कागदावर ठेवला. नवाकोरा होता.

मी पुष्कळ बोलायचं ठरवून गेलो होतो. ते सोडून मी दौत-टाक त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी आमच्यासमोर मुंबईला पत्र लिहिलं. यापूर्वी पाठवलेले सगळे निकाल चुकीचे समजावेत, बिल्ले कोणी लावत नव्हतं, असं त्यात होतं. बहिणीला त्याच दिवशी मलमपट्टीच्या खोलीत काम दिलं. नोकरी कोणाची गेली नाही. दोन महिन्यांनी आणखी दोन अ‍ॅप्रन आले; ते खुंटीवर टांगून ठेवतात, घडी घालत नाहीत.

पण मला जे हवं होतं ते मिळालं नाही. त्या काळ्या फिल्मने एका महिन्याचं सांगितलं, तेही एका लोखंडी दांड्याचं. आधीच्या दोन वर्षांत माझ्या बहिणीच्या अंगावर काय पडलं, आणि दिवस राहिल्यानंतरच्या महिन्यांत काय पडलं, हे आता जगातलं कुठलंही यंत्र सांगू शकत नाही. त्या फिल्मा कोऱ्या गेल्या, कोऱ्या धुतल्या गेल्या.

मुलगी झाली. ज्वारीच्या कापणीत झाली. मी आत गेलो आणि आधी तिची बोटं पाहिली, मग नखं, मग कान. बहिणीने माझा हात बाजूला केला.

"तपासू नको तिले," ती म्हणाली. "घे."

डॉक्टर म्हणाले, मूल चांगलं आहे, वजन ठीक आहे. पुढचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पुढे काही दिसेल, किंवा कधीच काही दिसणार नाही. मला सांगता येत नाही." आयुष्यात पहिल्यांदा एका शिकलेल्या माणसाने मला हे सांगितलं आणि मला त्याचा राग आला नाही. मुलगी आता चालते. तिला साधा ताप आला तरी तिची आई उठून तिच्या अंगावर हात फिरवते, मानेखाली, काखेत, काहीतरी शोधत. काय शोधते ते आम्ही तिला विचारत नाही.

तांड्यातल्या बायकांचे फोटो अजूनही निघतात. याडी रोज जात नाही; तिने म्हाताऱ्यांची पाळी लावली आहे. ज्या घरची बाई आजारी, त्याच घरची सासू किंवा मावशी सोबत जाते, अ‍ॅप्रन घालते, एकदा धरते आणि परत येते. रोज तीच बाई तिथे उभी राहत नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. आपल्या माणसाचा फोटो काढायला जाल आणि कोणाला तरी धरावं लागेल, तेव्हा दवाखान्यातल्या बाईला धरू देऊ नका. घरातलं वय झालेलं माणूस सोबत न्या, शिशाचा अ‍ॅप्रन मागून त्याच्या अंगावर घाला, आणि धरायला पुढे येणाऱ्या बाईला आधी विचारा की तिला दिवस गेलेत का. हे मनात विचारू नका. दारातच विचारा, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं.